डाव्या दाराची खुर्ची

कानसेनाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली, तर तो वळून बघेलच याची खात्री नाही. नाट्यगृहात त्याला सगळे कानसेनच म्हणायचे. आवाजाचं सगळं खातं त्याच्याकडे, आणि कान असा तिखट, की तालमीत डझनभर माईक चालू असले तरी कुठल्या माईकची वायर सैल आहे ते हा पठ्ठ्या बसल्या जागेवरून सांगायचा. लोक कौतुक करायचे. तो "छे हो, त्यात काय" म्हणायचा आणि आतून फुगायचा. खोटं कशाला बोला, फुगायचाच.

त्याच नाट्यगृहात त्याची आत्या होती. बाल्कनीच्या डाव्या दारावर, सव्वीस वर्षं. आईबापाविना राहिलेल्या या भाच्याला तिनंच वाढवलं, तिनंच बडवून अभ्यासाला बसवलं, आणि तिनंच मॅनेजरच्या मागे लागून लागून त्याला इथे चिकटवला. तिला सगळं नाट्यगृह आत्याच म्हणायचं. तिच्याहून वयानं मोठा असलेला लाइटवालासुद्धा.

तिचं काम सांगायला सोपं. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेमागे आणखी पाच पायऱ्या, मग एक अरुंद जागा, तिथे दार. दाराशी तिची घडीची खुर्ची आणि खुर्चीवर हिरव्या रेक्झिनची उशी. उशिरा येणाऱ्यांना बाहेर थोपवायचं आणि प्रवेश संपून काळोख झाला की तेवढ्यात आत सोडायचं. काळोख असतो आठ-दहा सेकंदांचा, त्यामुळे आधीपासून कडीवर हात ठेवून तयारीत राहावं लागतं. त्यातून काही नाटकवाले प्रवेशाच्या मध्येच मुद्दाम काळोख करतात, तेव्हा दार उघडलं तर झालाच घोटाळा. म्हणजे सगळा भरवसा शब्दांवर. आणि गंमत बघा, त्या खुर्चीच्या पुढ्यात भला जाडा खांब. रंगमंच दिसायचाच नाही. सव्वीस वर्षांत आत्यानं हजारो खेळ ऐकले, पाहिला एकही नाही.

"नायिका रडत रडत 'जा' म्हणते ना, की मी मनात चार मोजते आणि कडी काढते," असं ती सांगायची. एकदाही चुकली नाही. नटांनाही माहीत होतं, डाव्या दाराची काळजी नको.

मग मागच्या हंगामात स्पीकरचे नवे कॉलम आले.

आधी रंगमंचाच्या वर स्पीकरची दोन मोठी खोकी टांगलेली होती. ती आवाज नुसता भिरकावून द्यायची, भिंतीवर, छतावर, कुठेही. पुढच्यांचे कान किटायचे, मागच्यांना एकच वाक्य दोनदा ऐकू यायचं, पण पोचायचं मात्र सगळीकडे. नवे कॉलम म्हणजे रंगमंचाच्या दोन बाजूंना दोन उंच, काळे, बारीक खांब, आणि एकेकात चोवीस छोटे स्पीकर. पाण्याच्या पाइपच्या तोंडावर बोट धरलं की धार हवी तिकडे वळते ना, तसंच काहीसं. कॉलम जागचा हलत नाही, पण आतल्या एकेका स्पीकरला किंचित उशिरानं बोलायला लावलं की आवाजाचा झोत वर, खाली, पाहिजे तिथे जातो. एक झोत खालच्या खुर्च्यांसाठी, एक बाल्कनीच्या पुढच्या रांगांसाठी, एक मागच्यांसाठी. जिथे माणूस नाही तिथे आवाज नाही. मागच्या भिंतीवर तर मुळीच नाही, कारण भिंत ऐकत नाही, उलट बोलते.

हे सगळं लॅपटॉपवर ठरवायचं. कानसेनानं चार दिवस खपून ठरवलं. पडद्यावर बाल्कनीचा नकाशा हिरवागार झाला. शेवटची रांग जिथे संपते तिथे त्यानं झोत सुरीनं कापावा तसा कापला. नकाशात त्याच्या पलीकडे नुसतं 'येण्याजाण्याची जागा' असं लिहिलं होतं. आत्याची खुर्ची त्यात काढलेली नव्हती. कोण काढणार?

या धंद्यात एक रीत आहे. सगळं ठरवून झालं की स्पीकरमधून एकसारखा 'श्श्श' असा आवाज सोडायचा आणि आपण पायांनी फिरायचं. एकेक रांग, एकेक कोपरा, दारं, जिने, सगळं. कान जिथे अडखळेल तिथे खूण करायची. शेवटी एका कागदावर 'सर्व जागा प्रत्यक्ष चालून तपासल्या' या ओळीखाली सही करायची. कानसेन खाली चालला. बाल्कनीत पुढच्या चार रांगा चालला. मग त्याच्या पायात गोळे आले, वरचा तो उभा जिना त्याला नको झाला, आणि हिरवा नकाशा समोर होताच. त्यानं सही ठोकली.

आठवड्याभरात आत्या म्हणाली, "बाळ्या, वर शब्द पोचत नाहीत रे. नुसतं घों घों येतं."

"आत्या, एकेका खुर्चीचं मोजमाप केलंय कॉम्प्युटरनं," तो हसत म्हणाला. "पूर्वी तुला दोनदा ऐकू यायचं, आता एकदाच येतं, म्हणून तुला कमी वाटतं."

खालच्या सगळ्यांनी हा विनोद उचलून धरला. आत्याही हसली. पुन्हा एकदा ती म्हणाली तेव्हा तो जरा त्रासला. तिसऱ्यांदा ती म्हणालीच नाही.

त्या महिन्यात डावं दार दोनदा चुकलं. एकदा तर अगदी नाजूक प्रसंगात, नायिकेचं कुजबुजतं बोलणं चालू असताना दार उघडलं, बाहेरचा पांढरा उजेड थेट लोकांच्या डोक्यांवरून पुढे सांडला, आणि सहा माणसं चपला फटफटवत आत शिरली. नायिका होती तिखट. तिनं बोलणं थांबवलं, वर बघितलं आणि ती माणसं बसेपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली. खेळ संपल्यावर मॅनेजरनं सगळ्यांना विंगेत बोलावलं.

"आत्या, काय हे? तुमच्याकडून?"

आत्या तोंड उघडणार, तेवढ्यात कानसेनच बोलला. कुणी विचारलं नव्हतं त्याला. पण ती नायिका समोर उभी, सगळे त्याच्याकडे बघताहेत, ही याची आत्या म्हणून. त्याला तिची लाज वाटली. हो, तिची. म्हणून तो बोलून गेला, "तिला हल्ली कमी ऐकू येतं हो. वय झालं. आम्ही दाखवणार आहोत डॉक्टरला."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. वय झालं."

पुढचं सगळं भराभर झालं. ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली आणि म्हणाली, "काही विशेष नाही, वयाचं आहे." घरात सगळे तिच्याशी ओरडून बोलायला लागले. कानसेनाची बायको जेवायला हाक मारायची ती शेजाऱ्यांनाही लागू व्हायची. "तिला लिहून दाखव, लिहून," असं कानसेन तिच्यादेखतच बायकोला सांगायचा. दार तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा आत्यानं स्वतःच अर्ज दिला. मॅनेजरला हायसं वाटलं. मनातल्या मनात कानसेनालाही वाटलं.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी चारला ठेवला होता. बाराच्या सुमाराला मॅनेजरला एक कल्पना सुचली. "आत्यांची ती खुर्ची रंगमंचावर आणून त्यांनाच भेट देऊ. फीत बांधू तिला. कानसेन, तुमची आत्या, तुम्हीच आणा."

कानसेन गेला. त्रेचाळीस पायऱ्या. वर पोचेपर्यंत त्याला धाप लागली. म्हणून खुर्ची घडी करण्याआधी तो जरा तिच्यावर टेकला. खाली मॅनेजर माईकवर भाषणाची तालीम करत होता, माईक कानसेनानंच चालू करून दिलेला होता. आणि कानसेनाला काही कळेना. घों घों. रजईत तोंड खुपसून कुणी बोलावं तसं. 'माईकला काय झालं?' असं म्हणत तो उठला, पाच पायऱ्या उतरून शेवटच्या रांगेशी आला. तिथे लख्ख. "आपल्या सर्वांच्या लाडक्या आत्या…" शब्दन् शब्द. तो परत वर गेला. घों घों. खाली. लख्ख. वर. घों घों.

मग तो त्या उशीवर बसला आणि बसूनच राहिला.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला तिथे कळलं. कानसेन म्हणे! ज्या बाईनं त्याला बोलायला शिकवलं तिनं दोनदा सरळ शब्दांत सांगितलं होतं, ते त्यानं कानामागे टाकलं. तिचे कान वाईट ठरवले. चारचौघांत ठरवले. स्वतःची सही वाचवायला नव्हे, तेव्हा त्याला सहीची आठवणही नव्हती. नुसतं लोकांपुढे आपलं नाक वर राहावं म्हणून. या विचारानं त्याचे कान, तेच ते नावाजलेले कान, तापून लाल झाले. तिथे कुणी नव्हतं तरी त्यानं तोंड हातांनी झाकून घेतलं.

खुर्ची खाली आणून ठेवल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. मागच्या झोताचं टोक जरासं वर उचललं, आणि त्या दारापुरता एक अरुंद झोत वेगळा सोडला. किती वेळ लागला असेल? आठ मिनिटं. सव्वीस वर्षांची नोकरी गेली, आणि काम आठ मिनिटांचं. 'श्श्श' लावून तो पुन्हा त्रेचाळीस पायऱ्या चढला, खुर्ची नव्हती म्हणून उकिडवा बसला आणि ऐकलं. मग मॅनेजरला खालून बोलायला लावलं. लख्ख.

आणि आता मनात काय यावं? 'झालं की दुरुस्त. कुणाला कळणार आहे? अर्ज तिनंच दिलाय. गुडघेही दुखतातच तिचे.' माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो बघा. जिना उतरेपर्यंत त्यानं स्वतःला जवळजवळ पटवलं होतं.

साडेतीनला बायको आत्याला घेऊन आली. आत्यानं ठेवणीतली निळी साडी नेसली होती. "आत्या! जपून! पायरी!" बायको तिच्या कानाशी ओरडत होती, आणि आत्या शांतपणे मान हलवत होती. कानसेन वायर गुंडाळत असल्याचं सोंग करून खाली वाकला. त्याला तिच्याकडे बघवेना.

कार्यक्रम सुरू झाला. खाली दीडएकशे माणसं, नाट्यगृहातली आणि बाहेरची. कानसेन मागच्या बाजूला आपल्या आवाजाच्या टेबलाशी. ती तिखट नायिकाही मुद्दाम आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. फीत बांधलेल्या खुर्चीत आत्या, मांडीवर फुलांचा गुच्छ. मॅनेजरचं भाषण रंगलं. "आत्यांनी आमची इतकी नाटकं ऐकली, इतकी ऐकली," तो म्हणाला, "की शेवटी कानांनीच राजीनामा दिला!"

सगळे हसले. आत्याही हसली.

"पण त्यांनी जाताना आपल्याला काय देऊन ठेवलंय? आपला कानसेन!" टाळ्या. लोक माना वळवून त्याच्याकडे बघायला लागले, लाइटवाल्यानं तर अंगठा वर केला. असा कानकोंडा तो जन्मात झाला नव्हता.

मग माईक आत्याकडे आला. तिला बोलायची सवय नाही. तिनं माईक आधी उलटा धरला, मग सुलटा केला.

"मी काय बोलू? सव्वीस वर्षं बरी गेली. शेवटी शेवटी चुकलं माझं. बाई, तुमच्या त्या प्रसंगाचा विचका केला मी, तुमची माफी मागते." तिनं नायिकेकडे बघून मान झुकवली. "यंत्रं नवी आहेत, चांगली आहेत. भाच्यानं मन लावून बसवलीत. कुणी त्याला बोल लावू नका. माझेच कान…"

त्याच्या टेबलावर एक छोटा माईक असतो, तालमीत रंगमंचावरच्यांना सूचना द्यायला. त्याचं बटण कधी दाबलं हे कानसेनाला नंतरही आठवलं नाही.

"नाही!"

तो आवाज खालच्या खुर्च्यांवर गेला, बाल्कनीत गेला, डाव्या दाराशीही गेला. सगळे दचकले. आत्याच्या हातातला गुच्छ घसरला.

"तिचे कान चांगले आहेत," कानसेन म्हणाला. शब्द तुटत होते. "आवाज मी वर पाठवलाच नव्हता. तिच्या खुर्चीच्या अलीकडेच कापला होता. सगळं चालून बघितलं अशी सही केली मी, आणि चाललोच नाही. जिना चढायचा कंटाळा केला. ती मला सांगत होती, दोनदा सांगितलं. मी तिचीच टिंगल केली, आणि तुम्हा सगळ्यांसमोर तिला बहिरी ठरवलं. आज खुर्ची आणायला गेलो तेव्हा मला कळलं. मला… मला लाज वाटते. ती माफी तिनं नाही मागायची. मी मागतो!"

शेवटचं वाक्य फारच जोरात गेलं. कॉलमनी ते इमानानं सगळीकडे पोचवलं.

मॅनेजरचं तोंड उघडंच राहिलं. आत्यानं माईक तोंडाजवळ नेला.

"बाळ्या," ती म्हणाली, "ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

एकदोघं हसले आणि अर्ध्यातच थांबले. कानसेनाची बायको पदरात तोंड खुपसून रडायला लागली. ती नायिका उठली, रंगमंचावर गेली, खाली पडलेला गुच्छ उचलून तिनं आत्याच्या हातात दिला आणि तिथेच तिच्या पायाशी बसली. मॅनेजरनं घाईघाईनं चहा जाहीर केला.

चहाच्या गर्दीत मॅनेजरनं कानसेनाला बाजूला घेतलं. "अहो, हे सगळं केबिनमध्ये येऊन बोलायचं होतंत. आता त्या जागेवर नवा माणूस नेमलाय, त्याला काय सांगू मी?" कानसेनानं ती सहीची शीट परत मागून तिच्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'चाललो नव्हतो.' मॅनेजर नाही म्हणत होता, तरी लिहिलं.

आत्या मेकअपच्या खोलीत एकटी बसली होती, आरशांकडे पाठ करून. समोर ती घडी केलेली खुर्ची. कानसेन दारातच उभा राहिला.

"ये," ती म्हणाली. पर्समधून तिनं चौघडी घातलेला एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. कानाच्या डॉक्टरचा. दोन महिन्यांपूर्वीची तारीख. दोन्ही कान उत्तम, या वयात क्वचित असतात इतके.

त्यानं तो दोनदा वाचला. "म्हणजे तुला माहीत होतं. आणि तू गप्प बसलीस? घरात आम्ही तुझ्या कानात ओरडत होतो ते?"

"ऐकत होते."

"का पण? हा कागद माझ्या तोंडावर फेकायचास ना!"

"फेकणारच होते. डॉक्टरकडून तरातरा घरी आले, तर तू बायकोला सांगत होतास, 'तिला लिहून दाखव.' मी समोर उभी, आणि तू तिला सांगतोयस." तिनं कागद परत घेऊन पर्समध्ये टाकला. "राग आला मला. अजून आहे. एका चहात जाणारा नाही तो."

"आत्या, मी मॅनेजरच्या पाया पडतो. तुझं दार तुला परत…"

"नको. ज्यांनी हसायचं त्यांचं हसून झालं. आता माझ्यानं तिथे बसवणार नाही." तिनं उशी काढून काखेत मारली. "ही मी नेते. खुर्ची वर ठेवून ये. त्या नव्या माणसाला कशाला उभा ठेवता."

त्यानं खुर्ची उचलली. फीत अजून तिला तशीच होती. तो खोलीबाहेर पडला तेव्हा मागून ती बोलली, हळू, नेहमीच्या आवाजात.

"मला वाटायचं, कागद कशाला, हा आपल्याच कानांनी ऐकेल की. रोज खेळाआधी वाट बघायची मी, आज येईल वर, घटकाभर माझ्याजवळ बसेल. दोन महिने बघितली वाट. आणि शेवटी चढलास, तो खुर्ची न्यायला."